दहा मिनिटांत रंगते ती मेंदी नव्हे

नागपंचमीच्या आदल्या रात्री आजी पाट्यावर मेंदीचा पाला वाटायची. ताजी पानं, चिमूटभर काथ, वरून अर्धं लिंबू. तो हिरवा गोळा तळहाताच्या मधोमध थापायचा, बोटांच्या टोकांना टोप्या घालायच्या, मूठ मिटायची आणि वरून जुनं फडकं गुंडाळून झोपायचं. सकाळी चादरीवर, उशीवर आणि शेजारी झोपलेल्या धाकट्या भावाच्या पाठीवर नारिंगी डाग असायचेच. नक्षी कसली नाहीच. मधे एक चांद आणि दहा रंगलेली टोकं. पण मेंदीला अख्खी रात्र लागते, हे घरात कुणी कुणाला सांगायला लागायचं नाही.

गेल्या वर्षी घरातल्या एका लग्नात माझ्या भाचीनं कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या कोनानं मेंदी काढून घेतली. कोनावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं ठळक छापलेलं. दहा मिनिटांत धुतली तर खाली काळी कुळकुळीत नक्षी. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला खाज सुटली, तिसऱ्या दिवशी नक्षीच्या रेषांवर पाण्यानं भरलेले फोड. वेलबुट्टी जशीच्या तशी, फक्त फोडांची. त्वचेच्या डॉक्टरांनी हात बघताच विचारलं, “काळी मेंदी का?” मग दुसरा प्रश्न: “याआधी कधी लावली होतीस?” लावली होती. दोन वर्षांपूर्वी, कॉलेजच्या गॅदरिंगला. तेव्हा काही म्हणजे काही झालं नव्हतं.

तेव्हा लावली होती म्हणूनच आता झालं. हे विचित्र वाटतं, पण ते समजून घ्यायचं तर आधी खरी मेंदी हातावर नेमकं काय करते ते पाहू.

पानात रंग असतो, पण सुटा नसतो

मेंदीचं शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. हे झुडूप कोरड्या, तापलेल्या जमिनीत छान वाढतं, म्हणून राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं सोजत हे तिचं मोठं केंद्र. सोजतच्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याकडे बागांच्या कडेनं कापून ठेवलेल्या हिरव्या कुंपणालाही लोक सरसकट मेंदी म्हणतात, पण ते बरेचदा डुरांटा नाहीतर कडू मेंदी असते. ती रात्रभर वाटत बसलात तरी हात हिरवेच राहतील, रंगणार नाहीत.

खऱ्या मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. वाळल्या पानात ते साधारण एक ते दीड टक्का भरतं, आणि तेही सुटं नसतं. साखरेच्या रेणूशी बांधलेल्या अवस्थेत असतं, म्हणून कोरडी पूड हातावर कितीही चोळली तरी काही होत नाही. पूड ओली केली, त्यात थोडं आंबट घातलं आणि ऊब मिळाली की ही गाठ हळूहळू सुटते. मेंदी भिजवून ठेवायची ती एवढ्याचसाठी. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात चार-पाच तासांत काम होतं, डिसेंबरात रात्र जाते. कालवलेली मेंदी वरून तपकिरी झाली आणि चमच्यानं उकरल्यावर आत हिरवी दिसली, की ती तयार. खात्री करायची असेल तर तळहातावर वाटाण्याएवढा थेंब पाच मिनिटं ठेवून पुसा. नारिंगी ठसा उमटला तर झालं.

सुटलेला रंग त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात जातो. हा थर मेलेल्या पेशींचा, कौलांसारखा एकावर एक रचलेला. या पेशी केराटिन नावाच्या प्रथिनानं भरलेल्या असतात. आपली नखं आणि केसही त्याचेच. लॉसोन या केराटिनशी कायमचं जुळतं. ‘कायमचं’ म्हणजे ती पेशी अंगावर असेपर्यंत. दोन-तीन आठवड्यांत वरच्या पेशी झडतात, त्यांच्याबरोबर मेंदीही जाते. मेंदी फिकी होत नाही खरं तर, ती आपल्या अंगावरून थोडी थोडी गळून पडते.

तळहाताला आणि तळपायाला हा थर शरीरात सगळ्यात जाड असतो, म्हणून मेंदी तिथे सगळ्यात गडद. मनगटाच्या वर चढली की फिकी. दंडावर किंवा पाठीवर काढली तर कितीही चांगली मेंदी असली तरी रंग विटकरीपर्यंतच जाणार. त्यात मेंदीवालीचा दोष नाही.

आणि आता सासूच्या प्रेमाचा प्रश्न. (काही घरांत नवऱ्याच्या.) एकाच वाटीतली मेंदी दोन बहिणींच्या हातावर वेगळी रंगते याची कारणं साधी आहेत: कुणाची त्वचा जाड, कुणाचे हात कायम गरम, कुणी हात धुताना साबण नीट लावला, कुणी आदल्या रात्री क्रीम चोपडलं. ‘अंगात उष्णता असेल तर मेंदी रंगते’ यात निदान तथ्य आहे, गार हातावर ती खरंच कमी धरते. सासूबाईंना यातून वगळावं.

पहिल्या दिवसाचा नारिंगी रंग

सुकलेली मेंदी खरवडल्यावर खालून भोपळ्यासारखा नारिंगी रंग निघाला की बऱ्याच जणी हिरमुसतात. पण तोच तर खरेपणाचा पुरावा. वांग्याच्या फोडी हवेवर ठेवल्या की काळ्या पडतात, तसा काहीसा प्रकार इथेही होतो. त्वचेत बसलेला रंग पुढच्या एक-दोन दिवसांत हवेतल्या प्राणवायूनं गडद होत जातो. नारिंगीचा विटकरी, विटकरीचा तपकिरी, तळहातावर कधीकधी कॉफीसारखा. म्हणून लग्न शनिवारी असेल तर मेंदी गुरुवारी काढायची. शुक्रवारी रात्री ‘मेंदीचा कार्यक्रम’ ठेवायचा आणि शनिवारी सकाळी मुहूर्ताला गडद रंग मागायचा, हे मेंदीला जमत नाही. मग त्या हट्टातूनच दहा मिनिटांचे कोन खपतात. आमच्या लहानपणी मान हळदीला होता, मेंदीसाठी वेगळा हॉल घ्यायची पद्धत अलीकडची. हॉल जरूर घ्या, पण दोन दिवस आधीचा घ्या.

थोडक्यात, मेंदी काळी नसते. वाटलेली हिरवी, सुकल्यावर गडद तपकिरी, पण त्वचेवर उमटते ती नारिंगी ते तपकिरी या पट्ट्यातच. काळा रंग दिसला तर तिथे दुसरं काहीतरी आहे.

ते दुसरं काहीतरी

बहुतेक वेळा ते पॅरा-फिनिलिन-डाय-अमाइन असतं. नाव लांबलचक आहे, सगळे पीपीडी म्हणतात. केस काळे करायच्या रंगात ते शंभरहून अधिक वर्षं वापरलं जातंय. घरातल्या हेअर डायचं खोकं बघा: आधी थोडं लावून चाचणी घ्या, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, त्यानं अंधत्व येऊ शकतं, असा इशारा त्यावर छापलेला असतो. म्हणजे हा पदार्थ किती जपून वापरायचा आहे हे कायद्यालाही माहीत आहे. युरोपात केसांच्या रंगात त्याचं प्रमाण लावतेवेळी दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि थेट त्वचेवर तर तो चालतच नाही. अमेरिकेत तर साध्या मेंदीलाही फक्त केस रंगवायची परवानगी आहे, त्वचेवर लावायची नाही. काळ्या मेंदीच्या काही नमुन्यांत मात्र हे पीपीडी पंधरा टक्क्यांच्या आसपास सापडलेलं आहे. शिवाय केसांचा रंग अर्ध्या तासात धुतला जातो आणि तो मुख्यतः केसांवर असतो. इथे ते घट्ट लेप म्हणून कातडीवर बसतं.

पीपीडी वरच्या मेलेल्या थरात थांबत नाही. ते खालच्या जिवंत त्वचेत उतरतं आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतं. शरीराच्या पहारेकऱ्यांना हा चेहरा परका वाटतो. पण पहिल्या भेटीत ते लगेच आरडाओरडा करत नाहीत. दहा-पंधरा दिवस घेऊन ते फक्त त्याची ओळख नोंदवून ठेवतात. तोपर्यंत मेंदी निम्मी गेलेलीही असते. काही जणांना नेमका तेव्हा, म्हणजे लावल्यानंतर दीड-दोन आठवड्यांनी, जुन्या नक्षीवर पुरळ उठतो आणि मग कोळंबी बाधली की वांगं यावर घरात चर्चा झडते. बऱ्याच जणांना तेव्हाही काही होत नाही. पण नोंद झालेली असते. पुढच्या खेपेला ओळख पटायला दीड-दोन दिवस पुरतात आणि मग फोड.

भाचीचं हेच झालं. गॅदरिंगला नोंद झाली, लग्नात अंमलबजावणी.

ही नोंद सहसा पुसली जात नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. फोड महिन्याभरात बरे होतात. त्या जागी कधी गडद, कधी पांढुरका डाग काही महिने राहतो, क्वचित उंचवटा उठतो. पण पस्तिशी-चाळिशीत पहिला पांढरा केस दिसल्यावर ही मुलगी बाजारातला नेहमीचा हेअर डाय लावू शकणार नाही. लावला तर डोकं, पापण्या, चेहरा सुजू शकतो. पीपीडीचे नातेवाईकही बरेच आहेत: काही कापडांचे गडद रंग, त्वचा बधिर करायची काही मलमं, सल्फा गटातली काही औषधं, रबरातली काही रसायनं. सगळ्यांनाच सगळ्याचा त्रास होतो असं नाही, पण डॉक्टर औषध देताना ‘काळ्या मेंदीनं फोड आले होते’ हे वाक्य सांगायलाच हवं. भाचीनं ते मोबाइलमध्ये रक्तगटाच्या खाली लिहून ठेवलंय.

लालभडक, पाच मिनिटांत रंगणारे ‘इन्स्टंट’ कोन हा वेगळा प्रकार. त्यांत पीपीडी असेलच असं नाही. काहींत सोडियम पिक्रमेट हा कृत्रिम रंग सापडलेला आहे. फोड आणणारे तेही. रंग पातळ करायला आणि पटकन चढायला रॉकेल किंवा थिनरसारखं काही मिसळणारे महाभागही असतात. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

अपवाद एकच. जागुआ नावाच्या दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या फळाचा रस त्वचेवर निळसर काळा रंग देतो आणि तो वनस्पतीचाच असतो. पण ती मेंदी नाही, स्वस्त नाही, आणि त्याचीही ॲलर्जी येऊ शकते. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या दहा-वीस रुपयांच्या कोनात जागुआ असणं अवघडच.

कोन हातात घेण्याआधी

मेंदीवालीला विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत. कोन कधी भरलात? किती वेळ ठेवायची? उद्या कोणता रंग दिसेल? घरी कालवणारी बाई ‘काल रात्री’, ‘निदान सहा तास’, ‘उद्या नारिंगी’ असं सांगेल आणि वर आपल्यालाच दटावेल की भांडी घासू नका. ‘अर्ध्या तासात धुवा, काळीभोर’ असं उत्तर आलं की चहा घेऊन परत यावं.

ताज्या मेंदीला ओल्या गवताचा, पाल्याचा वास येतो, बरोबर निलगिरी किंवा तशाच तेलाचा. ती नाशवंत असते. साध्या हवेत दोन-चार दिवसांत तिचा जोर संपतो, म्हणून जाणकार मेंदीवाल्या कोन फ्रीझरमध्ये ठेवतात. दुकानाच्या दारात उन्हात लटकणारा, सहा महिने टिकणारा कोन कशामुळे टिकतो हा प्रश्न विचारायलाच हवा. वेष्टनावर घटकांची यादी नसेल तर ‘नैसर्गिक’ या शब्दाला शोभेपलीकडे अर्थ नाही. आणि केसांसाठीची ‘काळी मेंदी’ पूड हातावर अजिबात नको, तिच्यात बरेचदा मेंदीपेक्षा डायच जास्त असतो.

घरी करायची तर शंभर ग्रॅम वस्त्रगाळ पूड घ्या. जाडसर असेल तर कोनाचं तोंड तुंबतं. जुन्या मलमलीच्या ओढणीतून पुन्हा चाळा. दोन मोठे चमचे साखर, म्हणजे मेंदी ओलसर राहते आणि चटकन पोपडे धरत नाही. लिंबाचा रस आणि पाणी लागेल तसं, दह्यापेक्षा थोडी घट्ट होईपर्यंत. निलगिरी तेल दोन लहान चमचे. त्यानं रंग चांगला चढतो. लवंगेचं तेल काही जणी घालतात, मी घालत नाही, ते कातडीला झोंबतं. झाकून ठेवा, रंग सुटला की कोन भरा, उरलेले लगेच फ्रीझरमध्ये.

कुठलाही नवा कोन असो, मनगटाच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून दोन दिवस वाट बघावी. पूर्वी काळ्या मेंदीचा किंवा हेअर डायचा त्रास झालेल्यांनी मात्र बाजारातल्या कोनाची ही घरगुती चाचणीही करू नये.

लहान मुलांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. जी-सिक्स-पी-डी नावाचं एक विकर (एन्झाइम) काही जणांत जन्मतः कमी असतं. अशा बाळाला शुद्ध, पाट्यावर वाटलेली मेंदीही धोक्याची ठरू शकते. लॉसोन पातळ त्वचेतून आत गेलं तर लाल रक्तपेशी फुटू लागतात आणि कावीळ, पंडुरोग होतो. हा दोष मुलग्यांत जास्त दिसतो आणि त्यांच्यात तो आईकडून येतो. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समूहांत त्याचं प्रमाण जास्त आहे, पण तो कुणातही असू शकतो आणि बाळात तो आहे हे बरेचदा ठाऊकच नसतं. म्हणून बारशाला बाळाच्या तळपायांवर हौसेनं मेंदीचे ठिपके नकोत. घरात कुणाला हा दोष असेल तर मोठेपणीही डॉक्टरांना विचारूनच. चार-पाच वर्षांच्या मुलींना साधी मेंदी चालते, पण त्यात निलगिरी नको. त्या हात तोंडात घालणार हे धरून चाला. निलगिरीची बाटलीही वर ठेवा, लहान मुलाच्या पोटात ती थोडी गेली तरी झटके येऊ शकतात. डोहाळेजेवणाची मेंदीही तेलाशिवाय, लिंबू-साखरेवर करावी. थोडी फिकी होते, होऊ द्या.

आणखी एक किरकोळ पण हमखास अडवणारी गोष्ट. बोटांचे ठसे द्यायचे असतील, आधारसाठी किंवा व्हिसासाठी, तर बोटांची टोकं मोकळी ठेवा. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तरीही. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात, रंगलेल्या बोटावर ते यंत्र गोंधळू शकतं.

लावल्यावर

वॅक्सिंग, मॅनिक्युअर, जे काही करायचं ते आदल्या दिवशी उरका. वॅक्स मेंदीनंतर केलं तर रंगलेला थरच निघून जातो, आणि वॅक्स करून लगेच मेंदी लावली तर कातडी चुरचुरते. कापलेल्या, सोलवटलेल्या किंवा इसब असलेल्या त्वचेवर मेंदी नको. हात साबणानं धुवा, तेल-क्रीम काही नको.

मेंदी सुकायला लागली की लिंबू-साखरेचं पाणी कापसानं टिपा. दोनदा-तीनदा पुरे, जास्त झालं तर रेषा ओघळतात आणि लिंबानं कातडी कोरडी पडते. सहा ते आठ तास राहू द्या, जमलं तर रात्रभर. काढताना पाणी नको. बोथट सुरीच्या पाठीनं खरवडा, चिकटलेली राहिली तर खोबरेल तेल लावून चोळा. पुढचे बारा तास तरी पाणी टाळा, चोवीस झाले तर उत्तम. भांडी, कणीक, धुणं हे सगळं दुसऱ्यानं करायचं असतं. मेंदीचा हा फायदा कुणी बोलून दाखवत नाही.

तव्यावर लवंगा तापवून त्यावर हात धरायची रीत बहुतेक घरांत आहे. रंग वाढतो तो बहुधा उबेनंच. धरा, पण लांबून, आणि लहान मुलांचे हात नकोत. चुना चोळायचा सल्लाही कुणीतरी देतंच. चुन्यानं रंग क्षणात गडद दिसतो खरा, पण चुना कातडी जाळतो. बाम चोळल्यानं ऊब मिळते आणि तेलकट थर बसतो. झोंबत नसेल तर हरकत नाही.

खाज, लाली, आग यातलं काही सुरू झालं तर ‘रंग चढतोय’ म्हणून सहन करू नका. लगेच भरपूर पाण्यानं, साबणानं धुवा. फोड फोडू नका, वर हळद-चंदन-टूथपेस्ट काही थापू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि तो उरलेला कोन बरोबर न्या, निदान वेष्टनाचा फोटो. ओठ किंवा डोळे सुजले, श्वास लागला तर वेळ न घालवता थेट दवाखान्याच्या तातडीच्या विभागात.

बाकी सगळं नीट गेलं तर आठवड्याभरात कडा विरायला लागतात. भांडी घासणाऱ्या हाताची आधी जाते. क्लोरिनचं पाणी, सॅनिटायझर, कपडे धुवायची पावडर यांनी आणखी लवकर. रंग टिकवायचा असेल तर हात धुवायच्या आधी थोडं खोबरेल लावावं, एवढंच आपल्या हातात. लवकर घालवायची असेल तर कोमट पाण्यात हात बुडवून तेल-मिठानं हलकं चोळावं, ब्लीच लावू नये.

नखांचं गणित मात्र वेगळं. नख झडत नाही, ते महिन्याला साधारण तीन मिलिमीटरनं पुढे सरकत राहतं. आजीच्या त्या टोप्यांमुळे नखंही रंगायची. मग गणपतीत नखाच्या मुळाशी कोरा भाग दिसायला लागायचा, आणि अंगठ्याच्या नखावरची शेवटची नारिंगी कोर कापली जायची ती थेट संक्रांतीच्या सुमाराला, तिळगुळाचे लाडू वळायच्या आधी.